काचबिंदूचा थेंब डोळ्यात कसा पोचतो

काचबिंदूचं औषध डोळ्यात घातलं की रोग्याला फायदा असा काहीच जाणवत नाही. अंधूक दिसत असेल तर ते स्वच्छ होत नाही, आणि दुखणं थांबावं म्हटलं तर बहुतेकांचं दुखतच नसतं. उलट थोडं चुरचुरतं, डोळा लालसर होतो, कधी तोंड कडू पडतं. म्हणजे वर्षानुवर्षं, बहुधा जन्मभर, रोज न चुकता असं औषध घालायचं, की ज्याचा गुण घालणाऱ्याला कधी दिसणारच नाही. गुण असतो तो एवढाच, की आज जेवढं दिसतंय तेवढं दहा वर्षांनीही दिसावं. डॉक्टर हे सांगतात. पण ओपीडीच्या गर्दीत थेंब नेमका कसा सोडायचा हे हाताने दाखवायला सहसा कोणाला सवड होत नाही. चिठ्ठी मिळते, दुकानातून बाटली येते, आणि बाटलीच्या टोकापासून डोळ्यापर्यंतचं बोटभर अंतर ज्याचं त्याला पार करावं लागतं. औषध वाया जातं ते बहुतेक याच अंतरात.

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीपासून नंगिवली चौकापर्यंत ओळखीच्या घरांत डोकावलं, तर फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचेत नाहीतर लोणच्याच्या बरणीशेजारी, एक इवलीशी पांढरी बाटली हटकून दिसते. ती आजोबांची असते किंवा आजींची. घरात प्रत्येकाला तिची जागा ठाऊक असते, पण ती कशासाठी आहे असं विचारलं की उत्तर येतं, "मोतीबिंदूचं औषध." मोतीबिंदूला थेंबाचं औषध नाही, त्यावर ऑपरेशनच करावं लागतं आणि त्यानंतर नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. हा फरक घरातल्या एकाला तरी नीट कळलेला हवा, कारण त्यावरच थेंब किती मनावर घ्यायचा हे ठरतं.

डोळ्याच्या आत, पुढच्या भागात, एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. अश्रूंचा आणि त्याचा संबंध नाही. ते आतल्या भिंगाला आणि पुढच्या पारदर्शक पडद्याला पोसतं, डोळ्याचा गोलावा टिकवतं आणि मग कडेच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात निघून जातं. कोल्हापूरकराला हे राधानगरीवरून चटकन समजेल. धरण भरलं की तिथले स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि येणाऱ्या पाण्याला वाट मिळते. डोळ्यातली ही वाट काहींची वयाबरोबर चोंदते, काहींची मुळातच अरुंद असते, पाणी मात्र तयार होत राहतं. मग आतला दाब वाढतो आणि त्याचा मार बसतो तो सगळ्यात मागे, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. एकेक तंतू मरत जातो आणि मेलेला पुन्हा उगवत नाही. सुरुवातीला कडेची नजर जाते. मेंदू ती जागा अंदाजाने भरून काढतो, त्यामुळे माणूस वर्तमानपत्र वाचत असतो, टीव्ही बघत असतो, आणि आपल्याला कडेचं दिसत नाही याचा पत्ताच त्याला नसतो. भारतात एक कोटीहून अधिक लोकांना हा आजार असावा असा अंदाज आहे. गावोगावच्या तपासण्यांत असं आढळलं आहे, की आजार असलेल्यांपैकी बहुतेकांना तो असल्याचं माहीतच नसतं.

डोळ्याचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि साधारण १० ते २१ हा नेहमीचा पल्ला धरतात. २१ च्या आत असूनही नस झिजणारे लोक असतात, २४ असूनही वर्षानुवर्षं काही न होणारेही असतात. म्हणून शेजारच्यांचा दाब किती आणि आपला किती ही तुलना निरर्थक आहे. डॉक्टर प्रत्येकासाठी वेगळा आकडा ठरवतात. या आकड्याखाली दाब राहिला तर नस वाचेल, असा त्यांचा हिशेब असतो. आपला हा ठरलेला आकडा कोणता, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

थेंबांनी खरंच फरक पडतो का, ही शंका रास्त आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. नव्याने निदान झालेल्या निम्म्या लोकांना लॅटानोप्रोस्ट हे औषध दिलं आणि निम्म्यांना तशाच बाटलीतून औषध नसलेला थेंब. दोन वर्षांत औषध नसलेल्यांपैकी जवळपास २६ टक्के लोकांची नजर आणखी घसरली, औषध घेणाऱ्यांत हेच प्रमाण १५ टक्के होतं. दिवसाला एक थेंब, आणि दोनच वर्षांत एवढा फरक. आजार मात्र पुढची वीस-तीस वर्षं सोबत राहणार असतो.

औषधं ढोबळमानाने दोन प्रकारे काम करतात. काही पाण्याला बाहेर जायची वाट मोकळी करतात, काही पाणी तयार होणंच कमी करतात. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट ही पहिल्या प्रकारची. ती दिवसातून एकदाच, बहुधा रात्री घालतात. रात्रीचा थेंब राहिला म्हणून सकाळी आणि पुन्हा रात्री असं दोनदा घालू नये. जास्त घातल्याने यांचा परिणाम वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. यांनी पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, पापणीची कातडी काळवंडते, डोळ्याभोवतीची जागा थोडी खोल जाते. डोळ्याबाहेर सांडलेलं औषध पुसलं तर काळवंडणं बरंच टळतं. म्हणून रात्री तोंड धुण्याआधी थेंब घालावा आणि पाच-दहा मिनिटांनी पापण्या ओल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्याव्यात. एकाच डोळ्यात औषध असेल तर दोन डोळ्यांत फरक दिसू लागतो. तरुण रोग्यांना, विशेषतः मुलींना, याचा त्रास होतो आणि त्या न सांगता औषध बंद करतात. डॉक्टरांना सांगितलं तर दुसरं औषध मिळू शकतं.

टिमोलॉल हे दुसऱ्या प्रकारचं, पाणी कमी करणारं. १९७८ पासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रात्री झोपेत डोळ्यात पाणी तसंही कमी तयार होतं, त्यामुळे टिमोलॉलचा रात्री फारसा उपयोग होत नाही. दिवसातून एकदाच सांगितलं असेल तर ते सकाळी घालतात. डॉर्झोलामाइड आणि ब्रिंझोलामाइड यांनी तोंडाला कडवट चव येते. ब्रिंझोलामाइडची बाटली घालण्याआधी हलवावी लागते, नाहीतर औषध तळाशीच राहतं. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं, काहींना पेंग येते. ते दोन वर्षांखालच्या बाळांच्या डोळ्यात कधीच घालू नये, त्यांचा श्वास मंदावू शकतो. नातवंडं असलेल्या घरात ही बाटली हाताला लागेल अशी ठेवू नये.

आता थेंब घालण्याविषयी. हे वाचताना बाटली हातात घेतली तर बरं.

नवी बाटली आणली की आधी तिचं टोक पाहावं. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक बाटल्यांचं टोक बंद असतं आणि टोपणाच्या आत एक बारीक काटा असतो. टोपण घट्ट पिळत खालपर्यंत नेलं की तो काटा टोकाला नेमकं हवं तेवढं छिद्र पाडतो. हे माहीत नसल्यामुळे घरात सुई, सेफ्टीपिन, क्वचित कात्रीचं टोकही वापरलं जातं. चिमटीतल्या पिनेने पाडलेलं छिद्र मोठं आणि वेडंवाकडं होतं. त्यातून एकेका वेळी दुप्पट औषध पडतं, महिन्याची बाटली पंधरा दिवसांत संपते आणि पिनेवरचे जंतू औषधात जातात ते वेगळंच. टोपणाखाली प्लास्टिकची सैल कडी असेल तर ती काढून टाकावी, नाहीतर थेंब घालताना ती डोळ्यात पडू शकते. मग बाटलीवर बॉलपेनने उघडल्याची तारीख लिहावी. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकायच्या असतात, आत औषध उरलं असलं तरी. काहींची मुदत सहा आठवडे असते. वेष्टनावर ती छापलेली असते पण अक्षर मुंगीएवढं, तेव्हा घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावं.

हात साबणाने धुवावेत. बसून मान मागे टाकावी किंवा सरळ आडवं व्हावं. ज्यांचे हात थरथरतात त्यांना आडवं होणंच सोपं जातं. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढली की पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक खोबण तयार होते. थेंब या खोबणीत पडायला हवा. बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर किंवा पापणी ओढलेल्या हातावर टेकवावं, म्हणजे बाटली हलत नाही. नजर वर, छताकडे. बाटली डोळ्यापासून साधारण दोन सेंटिमीटर वर, टोक सरळ खाली. एकदा हलकेच दाबावं. टोक पापणीला, केसांना, डोळ्याला कशालाच टेकता कामा नये. टेकलं की पापणीवरचे जंतू बाटलीत जातात आणि पुढचे तीन-चार आठवडे आपण तेच डोळ्यात सोडत राहतो. बुबुळावर टोकाचा ओरखडा आला आणि त्यात जंतुसंसर्ग झाला, तर काचबिंदूने दहा वर्षांत जेवढं बिघडलं नसतं तेवढं आठवड्यात बिघडतं.

वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या रोग्यांचे थेंब घालतानाचे व्हिडिओ घेऊन काही अभ्यास झाले आहेत. मला छान जमतं असं सांगणाऱ्या कित्येकांचा थेंब गालावर पडत होता किंवा बाटली डोळ्याला टेकत होती, आणि त्यांना ते कळत नव्हतं. आमच्या पेठेतल्या एका आजोबांचं असंच. "रोज सोडतोय की थेंब, तरी प्रेशर का वाढतंय?" असा त्यांचा सवाल असे. आजींनी एकदा शेजारी उभं राहून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, निम्मं औषध मिशीला लागतंय." घरातल्या कोणीतरी महिन्यातून एकदा असं शेजारी उभं राहून पाहिलं, तर एखादं जादा औषध वाढवण्याची वेळ टळू शकते.

थेंब गालावर पडला हे कळायला एक सोपी युक्ती आहे. फ्रिजमधलं औषध असेल तर ते गारच घालावं, डोळ्यात पडलं की गारवा लागतो. डोळा उघडा ठेवून जमतच नसेल तर आडवं पडून डोळा मिटावा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडावा आणि मग मान न हलवता डोळा उघडावा. थेंब आत उतरतो. लहान मुलांना आणि बाटली जवळ येताच दचकणाऱ्यांना हे चांगलं जमतं. बोटं आखडलेल्यांना बाटली दाबायला जड जाते, त्यांच्यासाठी बाटली बसवून दाबायच्या चिमट्यासारख्या साध्या पट्ट्या मिळतात. आणि यातलं काहीच जमत नसेल तर दुसऱ्याने घालून द्यावं, त्यात कमीपणा कसला?

थेंब किती? एकच. बाटलीतून पडणारा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि पापणीच्या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतात. म्हणजे पहिलाच थेंब काठोकाठ भरतो, दुसरा निव्वळ गालावर ओघळतो. पहिला चुकला असं नक्की वाटलं तरच दुसरा घालावा. या हिशेबाने ३ मिलिलिटरच्या बाटलीत सत्तरएक थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक म्हणजे महिन्याला ६०. बाटली महिनाभर पुरली तर हात बरोबर आहे. दर पंधरवड्याला नवी लागत असेल तर कुठेतरी सांडतंय, आणि दोन महिने टिकत असेल तर डॉक्टरांच्या आधी घरच्यांनीच विचारायला हवं.

थेंब पडला की लोक डोळे मिचकावतात, टिपतात आणि उठतात. खरं तर पुढची दोन-तीन मिनिटंच सगळ्यात महत्त्वाची. आरशात खालच्या पापणीचं नाकाकडचं टोक पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र दिसेल. तसंच एक वरच्या पापणीलाही असतं. अश्रू तिथून नाकात उतरतात, आणि औषधही. पापणी दर मिचकावण्याला पंपासारखी औषध तिकडे ढकलते. नाकातलं अस्तर ते चटकन शोषून घेतं आणि तिथून ते थेट रक्तात जातं. गोळी पोटात गेली की आधी यकृतातून जाते आणि तिचा जोर काहीसा कमी होतो. नाकातून गेलेल्या औषधाला ती चाळणी लागत नाही. टिमोलॉलच्या ०.५ टक्के औषधाच्या एका थेंबात साधारण ०.२ मिलिग्रॅम औषध असतं. वाटायला कण वाटतो, पण दम्याच्या माणसाची श्वासनलिका आवळायला आणि हृदयाची गती आधीच मंद असलेल्याची नाडी आणखी उतरवायला तो पुरेसा ठरू शकतो.

म्हणून थेंब पडल्यावर डोळे हलकेच मिटावेत, आवळून नव्हे, आणि तर्जनीने डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर, हाडाच्या बाजूने, हलका दाब द्यावा. चष्म्याची गादी जिथे टेकते त्याच्या जरा वर, डोळ्याच्या अगदी कोपऱ्यात ही जागा आहे. दोन-तीन मिनिटं, पाच मिनिटं धरलं तर उत्तमच. १९८४ मध्ये झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की पाच मिनिटं कोपरा दाबून धरला किंवा नुसता डोळा मिटून ठेवला तरी रक्तात जाणारं औषध ६० टक्क्यांहून जास्त कमी होतं. रक्तात गेलं नाही म्हणजे ते डोळ्यात राहिलं. एकाच कृतीने औषधाचा गुण वाढतो आणि उपद्रव कमी होतो. मला या सगळ्या उपचारात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी हीच सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असते. तोंड कडू पडणं हासुद्धा औषध नाकातून घशात उतरल्याचाच पुरावा. कोपरा नीट दाबायला लागलं की कडवटपणा कमी होतो.

दोन वेगवेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. मलमही असेल तर ते सगळ्यात शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवावी आणि पंधरा मिनिटांनी परत घालावी. बाटल्या दिसायला सारख्या असतात. परदेशात टोपणांच्या रंगावरून औषधाची जात ओळखायची पद्धत आहे, आपल्याकडे सगळ्याच कंपन्या ती पाळतात असं नाही. त्यापेक्षा सकाळच्या बाटलीला एक रबरबँड आणि रात्रीच्या बाटलीला दोन गुंडाळावेत, म्हणजे अंधारातही हाताला कळतं. कानात घालायच्या औषधाची बाटली आणि चिकटवायच्या गोंदाची ट्यूब या फळीवर नकोतच. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये, नवराबायको दोघांनाही एकच औषध असलं तरी.

लॅटानोप्रोस्टच्या न उघडलेल्या बाटल्या बहुधा २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, उघडलेली २५ अंशांपर्यंत चालते. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरचं घरही २५ अंशांत राहत नाही, तेव्हा उन्हाळ्यात फ्रिजच बरा. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. काही कंपन्यांची याच औषधाची बाटली फ्रिजशिवाय टिकते, म्हणून ब्रँड बदलला की वेष्टन पुन्हा वाचावं. आणि एक न उघडलेली बाटली कायम शिल्लक असावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता आणि कोल्हापूरचा बाहेरचा संपर्क काही दिवस तुटला होता. अशा वेळी दुकानात हवा तो ब्रँड मिळेल याच्या भरवशावर राहू नये.

थेंब चुकतो तो बहुतेक विसरून. रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला तो बांधला तर विसर पडत नाही. सकाळचा थेंब दुधाच्या पिशव्या आत घेतल्यावर, रात्रीचा जेवणानंतरच्या गोळ्यांबरोबर. आजोबा आजीला आणि आजी आजोबांना आठवण करतात हे चांगलंच, पण एकटं राहणाऱ्यांनी मोबाइलचा गजर लावावा. एखादा थेंब राहिलाच तर आठवेल तेव्हा घालावा. पुढच्या थेंबाची वेळ जवळ आली असेल, किंवा लॅटानोप्रोस्टसारखा रात्रीचा थेंब राहून सकाळ झाली असेल, तर सोडून द्यावा, दुप्पट घालू नये.

गावाला, लग्नाला किंवा यात्रेला जाताना बाटली घरी राहते, हे दरवर्षीचं. चैत्रात ज्योतिबाला जायचं तर ती स्वच्छ पिशवीत घालून न्यावी आणि डोंगरावर गुलालाने माखलेल्या हातांनी उघडू नये. खोलीवर आल्यावर हात-तोंड धुवावं आणि मग घालावी. काचबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी गुलालाच्या उधळणीपासून दूरच राहावं. या ऑपरेशनात वरच्या पापणीखाली पाणी बाहेर यायची एक नवी वाट केलेली असते, तिच्यावरचा पडदा पातळ असतो, आणि तिथे संसर्ग झाला तर तो थेट डोळ्यात शिरतो. काजळ, सुरमा, मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस यांतलं काहीही काचबिंदूच्या डोळ्यात घालू नये.

पेठेतल्या तालमींच्या निमित्ताने एक गोष्ट सांगायलाच हवी. खासबाग मैदान इथून हाकेच्या अंतरावर, पाटाकडील आणि बालगोपालसारख्या तालमींचा फुटबॉल तर घराघरात. कुस्तीत कोपर लागणं, डोळ्यावर फुटबॉल किंवा क्रिकेटचा चेंडू आदळणं हे नेहमीचं. अशा मुक्या मारात पाणी बाहेर नेणारा कोपरा आतून फाटू शकतो. वरून डोळा आठवड्यात बरा दिसतो, पण दाब वाढायला कधीकधी कित्येक वर्षं जातात. डोळ्याला जोराचा मार बसलेल्या मुलाची एकदा पूर्ण तपासणी आणि पुढे दरवर्षी दाबाची तपासणी व्हायला हवी. आणि ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी शीर्षासन सोडावं. डोकं खाली असताना डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो, हे मोजलं गेलं आहे. चालणं, पोहणं खुशाल चालू ठेवावं.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या थेंबांची काळजी मला याहून जास्त वाटते. डोळे चुरचुरले, लाल झाले, खाज आली की मागच्या वेळची बाटली दाखवून दुसरी आणायची. त्या बाटलीत बऱ्याचदा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं. डोळा दोन दिवसांत पांढराशुभ्र होतो म्हणून ती लाडकी होते. पण असं औषध काही आठवडे चालू राहिलं तर सुमारे एकतृतीयांश लोकांच्या डोळ्याचा दाब वाढतो, काहींचा फार वाढतो. काचबिंदू असलेल्यांत ही शक्यता कितीतरी जास्त. उन्हाळ्यात डोळे खाजवणाऱ्या शाळकरी मुलांचं असं औषध महिनोन्महिने चालतं आणि पोरगं अठराव्या वर्षी नस झिजलेली घेऊन येतं. दम्याचे पंप, त्वचेची मलमं, सांध्यांसाठीच्या गोळ्या यांतूनही स्टेरॉइड जातं. ती मनाने बंद करायची नाहीत, पण डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायची.

उलट दिशेनेही सांगायला हवं. छातीच्या डॉक्टरांपुढे, हृदयाच्या डॉक्टरांपुढे लोक गोळ्यांची पाकिटं मांडतात, डोळ्याच्या थेंबाला औषध धरतच नाहीत. टिमोलॉल चालू असताना धाप लागू लागली, जिना चढताना गळून गेल्यासारखं झालं, चक्कर आली, तर डॉक्टरांना तो थेंब आठवणीने सांगावा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असेल तर जास्तच, ती एकाच कुळातली औषधं आहेत. दमा असलेल्याने टिमोलॉल घेऊच नये. दोन औषधं एकत्र असलेल्या बाटल्यांमध्येही ते बऱ्याचदा असतं, तेव्हा ब्रँडच्या नावावर न जाता खालची बारीक अक्षरं वाचावीत. मधुमेहात इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्यावर होणारी धडधड या थेंबाने झाकली जाऊ शकते. गरोदर बाईने आणि दूध पाजणाऱ्या आईने आधी विचारूनच औषध चालू ठेवावं.

काचबिंदू सहसा दुखत नाही, पण एक प्रकार भयंकर दुखतो. पाणी बाहेर नेणारा कोपरा अचानक पूर्ण बंद झाला की डोळा लाल होतो, डोकं फुटेल असं दुखतं, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात. घरचे पित्त समजून आल्याचा रस देत बसतात. यात तास मोजावे लागतात, रात्र काढायची नसते. तडक डोळ्याच्या डॉक्टरांकडे किंवा सीपीआर रुग्णालयात न्यावं. कोपरा अरुंद आहे असं ज्यांना सांगितलं आहे त्यांनी सर्दीच्या गोळ्याही विचारूनच घ्याव्यात.

थेंब सोसत नाहीत, परवडत नाहीत किंवा हातून होतच नाहीत, असे रोगी असतात आणि ते डॉक्टरांपुढे ओशाळून गप्प बसतात. गप्प बसल्याने डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, आणि चिठ्ठीत दुसरं, तिसरं औषध वाढतं. खरं सांगितलं तर मार्ग निघतात. जेनेरिक औषध लिहून मिळतं. औषध खराब होऊ नये म्हणून घातलेल्या संरक्षक रसायनाने डोळा सतत लाल राहत असेल तर ते नसलेली बाटली मिळते. काहींना लेझर करता येतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्याच आणखी एका चाचणीत ज्यांनी थेंबांऐवजी लेझरपासून सुरुवात केली, त्यांच्यातल्या जवळपास पाऊण लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबाची गरज पडली नव्हती. ते प्रत्येकाला लागू होत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

तपासणीच्या दिवशी थेंब नेहमीसारखाच घालून जावं, दाब औषधासह किती आहे हेच डॉक्टरांना पाहायचं असतं. आदल्या आठवड्यात चुकले असतील तर तेही सांगावं. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात आणि एकदा तरी डॉक्टरांसमोर किंवा सिस्टरांसमोर थेंब घालून दाखवावा. आणि जाताना सख्ख्या भावंडांना, चाळिशी ओलांडलेल्या मुलांना सोबत न्यावं. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. त्यांचा दाब मोजायला आणि डोळ्यातली नस पाहायला फार वेळ लागत नाही.